पहिल्या अर्ध-आयर्नमॅनमध्ये सायकलवर वेळ कमवायला जाऊ नका

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा: वय ४१, नोकरी बँकेत, वास्तव्य नाशिकला. तीन अर्ध मॅरेथॉन झाल्या आहेत आणि त्यांतील सर्वांत चांगली वेळ २ तास १२ मिनिटे आहे. २०० किलोमीटरची एक बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण केली आहे. पोहायला दोन वर्षांपूर्वी शिकलात, जलतरण तलावात १ किलोमीटर न थांबता पोहता, मात्र समुद्रात अजून एकदाही उतरलेल्या नाही. गोव्याच्या अर्ध-आयर्नमॅनसाठी, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या ट्रायथलॉन शर्यतीसाठी, नाव नोंदवले आहे, हातात जेमतेम पाच महिने आहेत आणि पोहण्यात जाणारा वेळ सायकलवर भरून काढायचा असा तुमचा आराखडा आहे, कारण सायकल हा तुमचा हुकमी प्रकार आहे. याखेरीज समुद्राची भीती कशी घालवावी, शर्यतीत काय खावे, ट्रायथलॉनची वेगळी सायकल घ्यावी का आणि तयारी अपुरी वाटल्यास माघार कधी घ्यावी, असे चार प्रश्न तुम्ही विचारले आहेत.

मी कोल्हापूरची असून गेली बारा वर्षे ही अंतरे स्वतः करते आणि त्यांपैकी शेवटची आठ वर्षे इतरांची तयारीही करून घेते आहे. तुमच्या चार प्रश्नांकडे मी वळेनच, परंतु त्याआधी जी गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलीच नाही, तिच्याबद्दल लिहिणे मला अधिक आवश्यक वाटते. सायकलवर वेळ कमवण्याचा तुमचा बेत हा तुमच्या आराखड्यातील तुम्हाला सर्वांत भक्कम वाटणारा भाग आहे आणि माझ्या अनुभवाप्रमाणे पहिल्यांदा उतरणाऱ्यांची शर्यत तिथेच बिघडते. ती बिघडली हे मात्र दोन-तीन तासांनी, धावण्याच्या नवव्या-दहाव्या किलोमीटरला कळते, आणि त्यामुळे दोष धावण्याच्या सरावाला दिला जातो.

आधी मुदतींचा हिशेब करू. गोव्याची ही शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मिरामारच्या किनाऱ्यावर प्रथम झाली. अंतरे नेहमीचीच आहेत: १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. या तिन्ही अंतरांची मैलांतील बेरीज ७०.३ होते आणि ‘आयर्नमॅन ७०.३’ या शर्यतीच्या नावातला आकडा तोच आहे. या प्रकारात मुदती सर्वसाधारणपणे अशा असतात: पोहणे १ तास १० मिनिटांत, सायकल संपेपर्यंत एकूण साडेपाच तास आणि सगळे मिळून साडेआठ तास. तुमच्या वर्षीची स्पर्धकांसाठीची पुस्तिका हाती आल्यावर हे आकडे तिच्याशी ताडून पाहा. आता समजा की तुम्ही ५५ मिनिटांत पोहून बाहेर आलात, किनाऱ्यावरून चालत येऊन सायकलवर बसेपर्यंत १० मिनिटे गेली आणि सायकल ताशी अवघ्या २५ किलोमीटरच्या सरासरीने चालवली. नव्वद किलोमीटरला ३ तास ३६ मिनिटे लागतील आणि तुम्ही ४ तास ४१ मिनिटांनी, म्हणजे मुदतीच्या जवळजवळ पन्नास मिनिटे आधी, सायकल जागेवर लावाल. बूट बदलायला ६ मिनिटे धरा. तुमच्याकडे धावण्यासाठी ३ तास ४३ मिनिटे उरतात. ताशी ६ किलोमीटरच्या वेगाने नुसते झपझप चालत गेलात तरी २१.१ किलोमीटरला साडेतीन तास लागतात. याचा अर्थ असा की कोणताही टप्पा घाईने न करता तुम्ही ही शर्यत मुदतीत पूर्ण करू शकता. पोहण्यातला तोटा भरून काढायचा, असे तुम्ही लिहिता; पण भरून काढण्याजोगा तोटा या हिशेबात कुठे दिसत नाही.

आता तुमच्या बेताप्रमाणे ताशी २८ किलोमीटरने सायकल चालवून पाहू. वेळ ३ तास १३ मिनिटे होईल, म्हणजे २३ मिनिटे वाचतील. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा बहुतांश जोर हवा कापण्यात खर्च होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ वरून २८ वर जाताना वेग फक्त १२ टक्क्यांनी वाढतो, पण हवेसाठी मोजावी लागणारी शक्ती सुमारे ४० टक्क्यांनी. ही जादा शक्ती मुख्यतः स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेतून येते आणि तो साठा मर्यादित असतो. वाचलेली २३ मिनिटे २१.१ किलोमीटरवर वाटली, तर दर किलोमीटरला ६५ सेकंद होतात. थकलेल्या पायांनी तुमचा धावण्याचा वेग किलोमीटरमागे ६५ सेकंदांनी उतरला की सगळी कमाई संपली. आणि पाय खरोखर थकलेले असतील तर उतार ६५ सेकंदांवर थांबत नाही. माणूस ७ मिनिटांच्या किलोमीटरवरून थेट १० मिनिटांच्या चालण्यावर येतो. शिस्तीने सायकल चालवून ७ मिनिटे १० सेकंदांच्या गतीने धावलात तर तुमचे धावणे अडीच तासांत होईल आणि एकूण वेळ ७ तास १८ मिनिटांच्या आसपास येईल. २३ मिनिटे वाचवून चालत यावे लागले तर तास जातो.

बीआरएमचा अनुभव तुमच्या कामी येईल, पण त्यातल्या दोन सवयी इथे मोडाव्या लागतील. बीआरएममध्ये आपण चार जण मिळून, एकमेकांच्या आडोशाने जातो, आणि चहाच्या टपरीवर थांबलो की पाय आपोआप सावरतात. या शर्यतीत दुसऱ्याच्या मागे लागून वारा टाळण्याला मनाई असते. पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवावे लागते, ओलांडायचे असेल तर २५ सेकंदांत ओलांडावे लागते आणि नियम मोडला तर दंड म्हणून थांबून राहावे लागते. त्यामुळे आडोसा आणि विश्रांती या दोन्ही गोष्टी हिशेबातून वजा करूनच तुमचा सायकलचा वेग ठरवा. पायांनी लावलेला जोर मोजणारा पॉवर मीटर नसेल तर बिघडत नाही. अख्ख्या वाक्यात बोलता यावे, नाकावाटे श्वास घेता यावा, अशा तीव्रतेने पहिले तीस किलोमीटर काढायचे. समुद्रातून बाहेर आल्यावर जीव वाचल्याचा आनंद असतो, हृदयाचे ठोके चढलेले असतात, दुतर्फा लोक टाळ्या वाजवत असतात आणि पाय हलके वाटतात. त्या अर्ध्या तासात तुम्हाला ओलांडून जाणाऱ्या प्रत्येकाला जाऊ द्यायचे. त्यांच्यापैकी बरेच जण संध्याकाळी तुम्हाला पुन्हा भेटत नाहीत, ते धावण्याच्या मार्गावरच भेटतात.

खाण्याचा प्रश्न या तीव्रतेशी बांधलेला असल्यामुळे तो इथेच घेते. या खेळाची लांब अंतराची पहिली शर्यत १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईतील ओआहू बेटावर झाली. पंधरा जण निघाले, बारा जण पोहोचले आणि गॉर्डन हॉलर ११ तास ४६ मिनिटांत पहिला आला. जॉन डनबार बराच काळ त्याच्या पुढे होता, पण धावताना त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, असे सांगितले जाते. तो दुसरा आला. तेव्हापासून आजपर्यंत या अंतरावर पुढे असलेला माणूस मागे पडण्याचे सर्वांत मोठे कारण पोट हेच राहिले आहे.

सायकलवर दर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. सरावाने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण पचवणाऱ्यांना ९० ग्रॅमपर्यंतही जमते, पण पहिल्या शर्यतीत त्या वाटेला जाण्याची गरज नाही. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात आणि बाजारातल्या बहुतेक जेलमध्ये, म्हणजे खेळाडूंसाठीच्या गोड पाकाच्या पुडीत, २० ते २५ ग्रॅम. खजूर उत्तम, मात्र बिया आधीच काढून ठेवाव्यात. उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी अनेकींना मानवतात, कारण तीन तास गोड खाल्ल्यावर जिभेला वीट येतो. चिक्की चावायला वेळ लागतो आणि तिच्यातले शेंगदाणे पचायला जड जातात, म्हणून बीआरएमला ती कितीही उपयोगी पडली असली तरी इथे तिला रजा द्या. पहिला घास सायकलवर बसल्यावर पंधरा मिनिटांनी आणि मग दर वीस मिनिटांनी, भूक लागो वा न लागो. धावताना पोट फार काही स्वीकारत नाही, म्हणून सायकलचे साडेतीन तास हीच तुमची जेवणाची वेळ समजायची. मात्र तुम्ही जोर लावून सायकल चालवत असाल तर रक्त पोटाकडून पायांकडे वळलेले असते आणि गिळलेले सगळे पोटातच डचमळत राहते. सायकल सावकाश चालवण्यामागचे हे दुसरे कारण आहे आणि मला ते पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

माझी पहिली शर्यत याच कारणाने फसली. शर्यतीच्या आदल्या दिवशी तिथल्या प्रदर्शनात नव्या चवीची जेल मिळाली, ती मी खिशात टाकली, सायकलवर ऐटीत पुढे गेले आणि धावण्याच्या आठव्या किलोमीटरला एका नारळाच्या झाडाला धरून ओकत उभी राहिले. उरलेले तेरा किलोमीटर मी चालले. पूर्णतेचे पदक मिळाले, परंतु ते गळ्यात असताना मला फक्त झोपायचे होते. त्यानंतर शर्यतीत खायचे ते सर्व, त्याच क्रमाने आणि त्याच प्रमाणात, किमान सहा लांब सरावांत खाऊन पाहिल्याशिवाय मी ते कोणालाही नेऊ देत नाही.

पाणी आणि मीठ यांचे प्रमाण प्रत्येकीचे वेगळे असते आणि ते मोजता येते. तासभर ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवता येणाऱ्या स्टँडवर, सायकल चालवा, आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. वजन ८०० ग्रॅमने घटले आणि मधल्या काळात तुम्ही अर्धा लिटर प्यायलात, तर तुमचा घाम तासाला १.३ लिटर आहे. सगळाच्या सगळा परत पिण्याचा अट्टाहास नको. बराचसा भाग भरून निघाला तरी चालते. उलट नुसते पाणी घटाघटा पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरून गुंगी, उलट्या आणि त्याहून गंभीर प्रसंग ओढवतो, आणि सावकाश, दीर्घ काळ मार्गावर राहणाऱ्यांना हा धोका जास्त असतो. आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएस पूड यासाठी स्वस्त आणि भरवशाची आहे. एक लिटर द्रावणात सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम असते. पण त्यात ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम असते, म्हणून ओआरएस प्यायले की खाल्ल्यासारखेच आहे, हा गैरसमज मनातून काढून टाका. एका बाटलीत ते ठेवा, दुसऱ्या बाटलीत साधे पाणी ठेवा आणि खाणे वेगळे ठेवा.

आता समुद्र. माझे दोन्ही भाऊ लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले आणि मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसले. माझे पोहणे अडतिसाव्या वर्षी, जलतरण तलावात, निळ्या रेषेवर डोळे ठेवून सुरू झाले, त्यामुळे तुमच्या भीतीचे स्वरूप मला नेमके ठाऊक आहे. तळ दिसत नाही, भिंत नाही, श्वास घ्यायला तोंड उघडावे तर लाट येते. ही भीती पोहण्याचे अंतर वाढवून जात नाही. तलावात तीन किलोमीटर पोहणारी माणसेही समुद्रात शंभर मीटरवर धापा टाकताना मी पाहिली आहेत. ती जाते ती तरंगण्यावरचा विश्वास वाढल्याने. म्हणून जून-जुलैमध्ये प्रत्येक सरावाची पहिली दहा मिनिटे पाठीवर तरंगण्याला द्या. पूर्ण वेगाने पन्नास मीटर पोहून, दम लागलेला असतानाच उताणे व्हा आणि श्वास स्थिर होईपर्यंत तसेच राहा. मग पुढे पोहा. भिंतीला न शिवता, तिच्या दोन मीटर आधीच वळण्याची सवय करा, कारण २५ मीटरच्या तलावात १.९ किलोमीटर म्हणजे ७६ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीला भिंतीवरून मिळणारा धक्का समुद्रात कोणी देत नाही. सहा हात डोळे मिटून मारा आणि मग डोळे उघडून किती वाकड्या गेलात ते पाहा. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची आणि श्वास नेहमीप्रमाणे बाजूलाच घ्यायचा. डोके अख्खे वर काढले की पाय बुडतात आणि दम दुपटीने लागतो. मैत्रिणींना सांगून एकाच पट्ट्यात तिघींनी खांद्याला खांदा लावून पोहा, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीला कोणाचा हात पाठीवर पडला तर दचकणार नाही.

गोव्याच्या समुद्राबद्दल एक दिलासा आणि एक कमतरता सांगते. खाऱ्या पाण्यात शरीर तलावातल्यापेक्षा अधिक वर तरंगते, हा दिलासा. युरोपातल्या थंड पाण्यात जर्मनीला किंवा स्वीडनला जाणाऱ्या आपल्या मंडळींना वेटसूट, म्हणजे अंगाला ऊब देणारा जाड रबरी पोशाख, घालता येतो आणि त्याच्या तरंगशक्तीवर कमकुवत पोहणाराही पार होतो. हौशी स्पर्धकांना ही मुभा पाण्याचे तापमान २४.५ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तरच असते आणि गोव्याचे पाणी त्याहून बरेच गरम असते, म्हणून तिथे वेटसूट मिळणार नाही. ही झाली कमतरता. कोणत्याही पद्धतीने पोहायला परवानगी असते, मध्ये बेडूक-पद्धतीने चार हात मारले तर कोणी हरकत घेत नाही. दमल्यास बचाव पथकाच्या कयाकला धरून विसावा घेता येतो, त्याच्या आधाराने पुढे सरकायचे नाही इतकेच. स्वतःच्या खऱ्या वेगाच्या गटात उभ्या राहा आणि त्या गटातही कडेला. पाण्यात शिरताना येणाऱ्या लाटेला छातीने अडवू नका, तिच्याखालून बुडी मारा. पहिली दोनशे मीटर इतकी सावकाश पोहा की स्वतःलाच संकोच वाटावा.

याच ठिकाणी एक गंभीर गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंपैकी बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यात झाले आहेत आणि त्यांत हृदयविकार आधी लक्षात न आलेल्या मध्यमवयीनांचे प्रमाण लक्षणीय आहे. चाळिशी ओलांडलेली असल्यामुळे तुम्ही या महिन्यातच हृदयाची तपासणी करून घ्या आणि डॉक्टरांना नुसते ‘व्यायाम करते’ असे न सांगता सात-आठ तासांच्या शर्यतीबद्दल स्पष्ट सांगा. पोहताना छातीत दाटले, न थांबणारा खोकला आला, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी दिसली, तर ती भीती समजून पुढे रेटायची नाही. हात वर करायचा आणि बाहेर यायचे.

तयारीचे वेळापत्रक आखताना आपल्याकडे पावसाळ्याचा विचार आधी करावा लागतो. शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि तयारीचे मुख्य महिने जून ते सप्टेंबर, हा या शर्यतीचा महाराष्ट्रातल्या लोकांसाठीचा विचित्र पेच आहे. समुद्र तेव्हा खवळलेला असतो, मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा जून-जुलैत बंद असतात, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होड्या पाण्यात घालतात. पोहणाऱ्यांनी त्याहून महिनाभर अधिक थांबावे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मालवण-तारकर्लीच्या बाजूला, स्थानिक जाणकार आणि होडी बरोबर घेऊन, दोन शनिवार-रविवार काढलेत तर पुरेसे होईल. एकटीने कधीही उतरायचे नाही, कमरेला रंगीत बोया बांधल्याशिवाय तर नाहीच. नाशिकच्या आसपासच्या धरणांत पावसाळ्यात सराव करण्याचा मोह टाळा. सोडलेल्या पाण्याची ओढ आणि तळाचा गाळ या दोन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी परवानगीही नसते.

आठवड्याला आठ ते दहा तास पुरतात. तीन वेळा पोहणे, तीन वेळा सायकल, तीन वेळा धावणे आणि दोनदा अर्धा तास वजनांचा व्यायाम. नोकरी सांभाळून हे जमवायचे तर एखादे धावणे सायकलच्या पाठोपाठच करावे लागते आणि ते फायद्याचेच आहे. सायकलवरून उतरल्यावरची पहिली दहा मिनिटे पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, ते तसेच वाटते आणि पुढे सुटते, हे शरीराला आधी माहीत असले पाहिजे. रविवारची लांब सायकल पावसात, घाटातल्या निसरड्या रस्त्यावर करण्यापेक्षा घरात ट्रेनरवर करा. कंटाळवाणे असते, पण हाडे शाबूत राहतात. धावण्याचे लांब अंतर १८ किलोमीटरपर्यंत गेले की बस.

नाशिककरांचा खरा प्रश्न उष्म्याचा असतो. तुम्ही पावसाळ्याच्या गारव्यात तयार होणार आणि शर्यत किनाऱ्यावरच्या दमट उन्हात, दुपारच्या वेळी धावत संपवणार. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुरू होतो आणि घामावाटे जाणारे मीठ कमी होते. आठवडाभर खंड पडला तर ही सवय उतरू लागते, त्यामुळे ती शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांतच लावून घ्यायची. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी चाळीस-पन्नास मिनिटे हलके धावणे, किंवा पंखा बंद करून ट्रेनरवर तितकाच वेळ सायकल चालवणे, हे दोन्ही मार्ग चालतात. या दिवसांत वेगाकडे पाहू नका. डोके दुखले, अंगावर काटा आला किंवा घाम थांबला की तत्काळ सावलीत जाऊन अंगावर पाणी ओतून घ्या. शर्यतीतही प्रत्येक पाण्याच्या ठिकाणी तीस-चाळीस पावले चालायचे, बर्फ मिळाल्यास टोपीत आणि मानेवर ठेवायचा आणि मग पुन्हा धावायचे, असे पहिल्या किलोमीटरपासूनच करायचे. थकल्यावर चालणे आणि ठरवून चालणे यांत वेळेचा मोठा फरक पडतो.

वेगळी सायकल घेऊ नका. तुमच्या रोड बाइकवर तुम्ही १३ तास बसू शकलात, तर साडेतीन तास निश्चित बसू शकाल. ट्रायथलॉनच्या सायकलवर पुढे ओणवे राहण्याची सवय व्हायला महिने लागतात, आणि सवय नसताना कंबर व मान आखडून त्याचा हिशेब पुन्हा धावण्यातच चुकता करावा लागतो. त्या पैशांतून सायकलची मापे जाणकाराकडून तपासून घ्या आणि चांगले टायर बसवा. ओल्या ट्रायसूटमध्ये, म्हणजे तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणाऱ्या घट्ट पोशाखात, खोगिरावर घासून जखमा होतात. आपण बायका हे एकमेकींना सांगायलाही लाजतो, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. ट्रायसूट घालूनच किमान तीन लांब सराव करा, घर्षण होणाऱ्या जागी भरपूर मलम लावा आणि पाळीची तारीख शर्यतीच्या दिवशी येत असेल तर त्या अवस्थेतही एक लांब सराव करून पाहा. शाकाहारी असाल तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, तपासून घ्या. सरावाचा कंटाळा म्हणून जी तक्रार माझ्याकडे येते, ती कित्येकदा लोहाच्या कमतरतेची निघते.

शर्यतीच्या दिवसाचे तपशील पुस्तिकेत मिळतील, मी त्यांतले दोनच सांगते. मिरामारचा किनारा रुंद आणि वाळूचा आहे, म्हणून सायकलजवळ साध्या पाण्याची एक बाटली आणि छोटा पंचा ठेवा. पायाच्या बोटांत राहिलेली वाळू एकवीस किलोमीटर छळते. आणि सायकल हातात घेण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, सायकल जागेवर ठेवल्यानंतरच तो सोडायचा. घाईत हाच नियम सर्वाधिक मोडला जातो.

माघारीचा निर्णय शर्यतीच्या आदल्या आठवड्यात, घाबरलेल्या मनाने घ्यायचा नसतो. त्यासाठी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारची तारीख आजच लिहून ठेवा. त्या दिवशीपर्यंत तुम्हाला तलावात, भिंतीचा धक्का न घेता, २ किलोमीटर ६० मिनिटांच्या आत पोहता आले पाहिजे आणि त्याच आठवड्यात ८० किलोमीटर सायकलनंतर लगेच ८ किलोमीटर, शेवटचा किलोमीटर पहिल्याइतक्याच गतीने, धावता आले पाहिजे. दुसरी अट हुकली आणि पहिली जमली तर जा. सायकल आणखी सावकाश चालवा. पहिली अट हुकली तर सांघिक प्रकारात नाव बदलता येईल का ते आयोजकांना विचारा आणि पोहणे दुसऱ्या कोणाकडे सोपवून सायकलचा किंवा धावण्याचा टप्पा स्वतःकडे घ्या. पहिली अट पार केली, पण ऑक्टोबरमध्ये मालवणला समुद्रात उतरल्यावर सलग दोन दिवस तुम्हाला पाठीवर शांत तरंगता आले नाही, तरीही हाच मार्ग धरा. या चाचण्यांचे आकडे आणि त्या दिवशीचे खाणे-पिणे मला कळवा, म्हणजे शर्यतीच्या दिवसाचा सायकलचा वेग नेमका ठरवता येईल. तो आज तुमच्या मनात असलेल्या आकड्यापेक्षा कमीच निघेल असा माझा अंदाज आहे.